सही माझी, मजकूर कंपनीचा

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीतील यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षे आठ महिने कायम नोकरीत होतो. पदनाम ‘सुपरवायझर’ असले तरी व्हीएमसी (धातू कापून आकार देणारे संगणकचालित) मशीन मीच चालवत असे. भाऊबीज होऊन सहा दिवस झाले होते. २९ ऑक्टोबर २०२५ रोजी आम्हा बावीस जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावले आणि आधीच टाइप करून ठेवलेल्या राजीनाम्यांवर सह्या घेतल्या. सही केली नाही तर एक पैसाही मिळणार नाही आणि पीएफ अडकेल, असे सांगितले. ‘पूर्ण व अंतिम हिशेब’ म्हणून दीड लाखाचा धनादेश दिला, तो मी बँकेत भरला. कारखान्यात तेव्हा ८४ कायम कामगार होते. माझ्यानंतर पाच-सहा वर्षांनी लागलेले लोक आजही कामावर आहेत आणि त्यांत माझा सख्खा मेहुणाही आहे. ‘बावीस जणांनी स्वखुशीने राजीनामे दिले’ अशा पत्रावर साक्षीदार म्हणून त्याची सही मागत आहेत. मी कोर्टात गेलो तर भावाच्या पोटावर पाय येईल, असे पत्नीचे म्हणणे आहे. मी काय करावे? — एक वाचक, कुपवाड

उत्तर : आपल्या पत्रात सर्वांत निकडीची गोष्ट कोणती, तर ती तारीख आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. महाराष्ट्रात कामगाराला अशा वेळी सर्वांत जवळचा मार्ग उपलब्ध आहे तो कामगार संघटनांची मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध यांविषयीच्या १९७१ च्या राज्य कायद्याचा, ज्याला आम्ही वकील आणि युनियनचे लोक तोंडी ‘पल्प’ कायदा म्हणतो. अनुचित कामगार प्रथेविरुद्ध, म्हणजे मालकाच्या कायद्याने मनाई केलेल्या वागणुकीविरुद्ध, त्याखाली तक्रार करण्याची मुदत घटनेपासून ९० दिवसांची आहे. २९ ऑक्टोबरपासून मोजल्यास ती २७ जानेवारी २०२६ रोजी संपते. त्याआधीचे तीन दिवस म्हणजे चौथा शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिन. तेव्हा आपण २३ जानेवारी, शुक्रवार, हाच शेवटचा दिवस धरून चालावे. सबळ कारण दाखवल्यास न्यायालय उशीर माफ करू शकते, हे खरे. पण ‘मेहुण्याचा विचार करत होतो’ हे कारण न्यायाधीशांना माणूस म्हणून पटले तरी सबळ ठरेल याची हमी मी देणार नाही.

आता त्या राजीनाम्याकडे वळू. बोलताना आपण सगळेच ‘ले-ऑफ’ म्हणतो, पण आपल्या घटनेच्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरते देता न येणे, ज्यात नोकरी शिल्लक राहते. कायमचे कमी करणे ही ‘कामगारकपात’, आणि तिच्यासाठी कायद्याने मालकावर बरीच बंधने घातली आहेत. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कारण नमूद करून एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार द्यावा लागतो, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई कपात करतानाच हातात द्यावी लागते आणि शासनाला कळवावे लागते. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांतील ८१ व्या नियमानुसार त्या प्रवर्गाची, म्हणजे एकाच प्रकारचे काम करणाऱ्यांची, सेवाज्येष्ठता यादी किमान सात दिवस आधी सूचना फलकावर लावावी लागते. पुढे पुन्हा भरती करायची झाली, तर कमी केलेल्यांना आधी विचारावे लागते. मात्र कामगाराने स्वतःहून नोकरी सोडली असेल, तर ती कपात नसते, आणि ही सगळी बंधने एका सहीने गळून पडतात. आपल्याकडून सही का घेतली, याचे उत्तर एवढेच आहे.

म्हणून प्रकरणाचा कस एकाच गोष्टीवर लागणार : तो राजीनामा आपल्या इच्छेचा होता की दबावाचा. आपण पत्रासोबत जोडलेली प्रत मी दोनदा वाचली. त्यात ‘वैयक्तिक कारनास्तव’ असे छापले आहे. ‘णा’ च्या जागी ‘ना’. आपल्या सोबतच्या निदान पाच-सहा जणांच्या प्रती मिळवा आणि तीच चूक त्याच जागी आहे का ते पाहा. बावीस माणसांना एकाच दिवशी वैयक्तिक कारण उद्भवावे आणि बावीसही जणांनी ते एकाच चुकीसह लिहावे, यावर कोणाचा विश्वास बसेल? आदल्या रात्री ‘उद्या सकाळी १० वाजता आधार कार्डची झेरॉक्स घेऊन यावे’ असा व्हॉट्सॲप संदेश आल्याचे आपण लिहिले आहे. तो पुसू नका, फोन बदलू नका, आणि संदेशाचे नुसते छायाचित्र काढून समाधान मानू नका, कारण मूळ फोन दाखवावा लागू शकतो. राजीनाम्याची स्वीकृतीही त्याच दिवशी, त्याच टेबलावर दिली गेली, ही बाबही आपल्या बाजूची आहे.

आपल्या बाजूने कच्ची बाब आहे ती मौनाची. सही करून घरी आल्यावर आपण आजवर कंपनीला एक ओळही लिहिलेली नाही. उद्याच स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पत्र पाठवा : राजीनामा माझ्या इच्छेचा नव्हता, तो मी मागे घेत आहे, मला कामावर घ्यावे, आणि मिळालेली रक्कम मी माझे हक्क अबाधित राखून, येणे रकमेच्या पोटी ठेवून घेत आहे. एक प्रत सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांना द्या. धनादेश वटवल्यामुळे दार बंद झाले, असे समजू नका. उपाशी माणसाने पैसे घेतले म्हणून कायद्याने दिलेला हक्क संपत नाही, फक्त ती रक्कम शेवटी वळती होते.

आणि ती रक्कम तरी किती आहे, हे एकदा कागदावर मांडू. आपण दरमहा एकूण वेतन २६,००० रुपये आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता १८,२०० रुपये असे कळवले आहे. शेवटचे आठ महिने सहा महिन्यांहून जास्त असल्याने नोकरी बारा वर्षांची धरली जाते. ग्रॅच्युइटी : १८,२०० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे १,२६,००० रुपये. कपातीची भरपाई अर्ध्या महिन्याच्या वेतनाने, १३,००० गुणिले १२, म्हणजे १,५६,००० रुपये. येथे सव्वीसने भागण्याचा नियम लागत नाही. नोटिशीचा पगार २६,००० रुपये. बेरीज ३,०८,००० रुपये होते, आणि त्यात शिल्लक रजेचा पगार व बोनस धरलेलाच नाही. कंपनीने दीड लाख दिले. त्यातून ग्रॅच्युइटी वजा केली, जी आपण खरोखर स्वखुशीने सोडून गेला असता तरी देणे भाग होते, तर अकरा वर्षे आठ महिन्यांच्या नोकरीची किंमत २४,००० रुपये लावली गेली आहे. आयकरात कपातीच्या भरपाईला ५ लाखांपर्यंत सूट मिळते, पण राजीनाम्यापोटी दिलेल्या ‘सानुग्रह’ रकमेला ती लागू होत नाही, हाही एक लहानसा तोटा त्या सहीत दडलेला आहे. पीएफ अडकवण्याची धमकी पोकळ होती. ते पैसे कंपनीच्या तिजोरीत नाहीत. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतःच्या यूएएन (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) ऑनलाइन खात्यातून भरता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा अधिनियम रद्द झाला, म्हणून ‘आता जुना कायदाच उरला नाही’ असे आपल्याला कोणी तरी सांगितल्याचे दिसते. आपली घटना त्याआधीची आहे. कायदा रद्द झाल्याने त्याखाली आधीच निर्माण झालेले हक्क नाहीसे होत नाहीत. संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत १९७१ चा राज्याचा कायदा नाही. सहायक आयुक्तांपुढे समेटाचा दुसरा मार्गही आहे, परंतु एकाच प्रश्नासाठी दोन्हीकडे प्रकरण चालवता येत नाही. आपल्या प्रकरणात मी १९७१ च्या कायद्याखाली सांगलीच्या कामगार न्यायालयातील तक्रार निवडीन.

कंपनी पहिला आक्षेप घेईल तो आपल्या पदनामाचा. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि दरमहा १०,००० रुपयांहून अधिक घेणारा माणूस जुन्या कायद्यात ‘कामगार’ नव्हता. पण न्यायालय पाटी पाहत नाही, हातातले काम पाहते. आपण कोणाची रजा मंजूर करत होता का, कोणाला मेमो देत होता का? नसाल, आणि दिवसभर मशीनवरच उभे असाल, तर शिफ्टच्या नोंदवहीतील आपल्या नावापुढचे नगांचे आकडे हाच सर्वांत चांगला पुरावा. ते कागद कंपनीकडे असतात. ते हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून मागता येतो.

आता मेहुण्याचा प्रश्न, ज्यासाठी आपण हे पत्र लिहिले असे मला वाटते. सर्वसाधारणपणे एकाच प्रवर्गात जो शेवटी लागला तो आधी जावा, आणि तसे केले नाही तर मालकाने कारण नोंदवावे, हा कायद्याचा नियम आहे. तेव्हा आपल्याला म्हणावेच लागेल की माझ्याहून कनिष्ठ लोक ठेवले आणि मला काढले. त्या यादीत मेहुण्याचे नाव असेल, हे टाळता येणार नाही. पण तक्रारीत त्याला पक्षकार करण्याची गरज नाही, त्याचे नाव घेऊन बोट दाखवण्याचीही नाही. ‘सेवाज्येष्ठता यादी हजर करावी’ एवढी मागणी पुरेशी आहे, आणि कनिष्ठ म्हणून दाखवायला दुसरी अनेक नावे आहेत. आपण मागणार ते आपली नोकरी आणि मागचा पगार, त्याची जागा नव्हे. न्यायालय आदेश देईल तो कंपनीला. धोका अजिबात नाही असे मात्र म्हणणार नाही : आपल्याला परत घ्यावे लागले तर कंपनी पुढे रीतसर कपात करू शकते, आणि त्या वेळी कनिष्ठांचा क्रम आधी लागतो. हे पत्नीला आधीच, स्पष्ट सांगा. मधल्या काळात दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरे.

मेहुण्याने त्या पत्रावर सही करू नये. तो त्या वेळी केबिनमध्ये नव्हता. जे पाहिले नाही त्याचा साक्षीदार कोणी होऊ शकत नाही. ‘मी हजर नव्हतो, म्हणून सही करता येत नाही’ एवढेच त्याने सांगावे, वाद घालू नये. आणि तेच शपथपत्रावर मागितले तर अजिबात द्यायचे नाही, कारण खोटे शपथपत्र हा गुन्हा आहे. आपणही त्याला आपला साक्षीदार करू नका. बावीस जणांत साक्ष देणारे पुरेसे मिळतील, आणि त्यांना आता गमावण्यासारखे फारसे काही नाही.

गेल्या महिन्यापासून तो दोन मशीन आणि बारा तासांची पाळी करतो आणि जादा तास हजेरीपटावर येत नाहीत, असे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. माझ्या मते ती ओझरती गोष्ट नाही. बावीस माणसांचे काम उरलेल्या बासष्टांकडून करून घ्यायचे, तर मुळात माणसे जास्त होती हा कपातीचा आधारच डळमळतो. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो, जुन्या कारखाने अधिनियमातही आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या नव्या संहितेतही. त्याने एका साध्या वहीत रोजची तारीख, आत जाण्याची व बाहेर येण्याची वेळ आणि मशीनचा क्रमांक त्याच दिवशी, त्याच पेनाने नाही तरी त्याच हाताने लिहीत जावे. महिन्याच्या शेवटी आठवून एकदम लिहिलेली वही उलटतपासणीत टिकत नाही. यापुढे तेथे कपात झाली तर ती नव्या औद्योगिक संबंध संहितेखाली होईल. तिच्यात शासनाची पूर्वपरवानगी ३०० कामगारांपासून लागते, जुन्या कायद्यात ती १०० पासून होती. ८४ असोत वा ६२, त्या कारखान्याला ती दोन्हीकडे लागत नाही. नोटीस, भरपाई आणि ज्येष्ठतेचा क्रम मात्र नव्यातही आहे, आणि केबिनमध्ये पुढे सरकवलेल्या टाइप केलेल्या कागदावर सही न करण्याचा हक्कही त्याला आहे.

पुनर्नियुक्तीच मिळेल असे मी सांगत नाही. अशा प्रकरणांत न्यायालये कित्येकदा एकरकमी भरपाईवर थांबतात, आणि कंपन्याही पहिल्या दोन-तीन तारखांनंतर तडजोडीला बसतात. तशी वेळ आली तर वरचा ३,०८,००० रुपयांचा हिशेब आपल्या खिशात असू द्या. त्यातून मिळालेले दीड लाख वजा जाता उरलेल्या १,५८,००० रुपयांच्या खाली, रजेचा पगार आणि बोनस वेगळा धरल्याशिवाय, बोलणी सुरूच करू नका. नेमणूकपत्र, गेल्या वर्षभराच्या पगारपावत्या, राजीनाम्याची व स्वीकृतीची प्रत, बँकेचे पासबुक आणि तो फोन घेऊन आपल्या वकिलांकडे जा. आणि शक्य असेल तर एकटे जाऊ नका, बावीसपैकी जितके येतील तितके बरोबर न्या.