‘कोंप्लीस’ म्हटलं तर रागवायचं का?

ताई, फ्रेंच सहकारी तुम्हा दोघी बहिणींना बघून ‘व्हू झेत त्रे कोंप्लीस’ म्हणाली आणि शब्दकोशात ‘कोंप्लीस’चा ‘गुन्ह्यातला साथीदार’ असा अर्थ निघाला, म्हणून तुम्ही विचारताय. रागवू नका, तिने कौतुकच केलंय. आपल्याकडे ‘दोघींचं मेतकूट छान जमलंय’ म्हणतात ना, तेच.

खूण ‘त्रे’मध्ये आहे. त्रे म्हणजे खूप. गुन्ह्यात माणूस सामील असतो किंवा नसतो. तिथे ‘खूप सामील’ असं काही नसतं. विशेषण म्हणून आला की हा शब्द बहुधा प्रेमळ असतो. ‘सूरीर कोंप्लीस’ म्हणजे फक्त दोघांनाच अर्थ कळेल असं हसू. पण ‘सिलांस कोंप्लीस’ म्हणजे अन्याय दिसत असूनही गप्प बसणं, तिथे विशेषणच बोचतं. नाम म्हणून आला आणि ‘द’ (म्हणजे ‘चा-ची-चे’) लावून पुढे चोरी किंवा खून आला, तर सरळ आरोप. रूप बाई-पुरुष दोघांना एकच, फक्त बाईसाठी आधी ‘ल’ऐवजी ‘ला’ लागतं.

कायद्यात मात्र शब्द फार काटेकोर आहे. फ्रेंच दंडसंहितेच्या कलम १२१-७ प्रमाणे, जाणूनबुजून मदत करून गुन्ह्याची तयारी किंवा तो करणं सोपं करणारा तो कोंप्लीस. आमिष, धमकी किंवा हुकूम देऊन गुन्हा करवणाराही त्यातच. आधीचं कलम सांगतं की त्याला मुख्य गुन्हेगाराप्रमाणेच शिक्षा द्यायची. सगळा भर ‘जाणूनबुजून’वर. मोरिस पापोंच्या खटल्यात वाद त्यावरच पेटला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मन ताब्यात असताना हे गृहस्थ बोर्दो शहरातल्या प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे सरकारच्या जिल्हा कार्यालयात, मोठे अधिकारी होते आणि तिथून ज्यूंना पकडून नाझी छळछावण्यांकडे पाठवलं गेलं. १९९८ साली मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांतल्या ‘कोंप्लिसिते’बद्दल, म्हणजे साथ दिल्याबद्दल, त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. अटक आणि डांबून ठेवण्यातला सहभाग ज्यूरीने मानला, हत्यांमधला मानला नाही. म्हणजे कोंप्लीस ठरवताना ‘कशात सामील’ हेही तोलावं लागतं.

चोरीचा माल ठेवणारा मात्र कोंप्लीस नव्हे. त्याचा गुन्हा वेगळा, ‘रसेल’.

जवळचे शब्द: ‘कोंपेर’ म्हणजे जादूगाराने प्रेक्षकांत बसवलेला आपला माणूस. ‘आकोलित’ मुळात चर्चमधला मदतनीस, आता गुंडाचा चमचा. आणि ‘एत्र द मेश’ म्हणजे आतून संगनमत असणं. बहिणींबद्दल बोलताना तो गंमतीतच वापरा.