पित्ताचा खडा आतड्यात कसा पोचला?

प्रश्न : आई ७६ वर्षांची. पित्ताशयात खडा आहे हे जुनंच, पण त्रास नाही म्हणून ऑपरेशन टाळलं होतं. मागच्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. मध्येच थांबायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या. पोट फुगलं. सीटी स्कॅनमध्ये खडा लहान आतड्यात अडकलेला दिसला. ‘पित्तनलिकांमध्ये हवा’ असंही रिपोर्टमध्ये लिहिलंय. सर्जननी आतडं उघडून तीन सेंटिमीटरचा खडा काढला, पित्ताशय मात्र तसंच ठेवलं. एवढा खडा बारीक नळीतून उतरला कसा? आणि दुखण्याचं मूळ आतच का ठेवलं? खडा आम्ही जपून ठेवलाय. (एक वाचक)

उत्तर : नळीतून तो उतरलाच नाही. मुख्य पित्तनलिका जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, तीन सेंटिमीटरचा खडा तिच्यातून जाणार कुठून? तो भिंत पोखरून गेला. वारंवार सूज येऊन पित्ताशय शेजारच्या आद्यांत्राला (जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाला) चिकटतं, खड्याच्या दाबाने दोन्ही भिंती झिजतात आणि आरपार भोक पडतं. हे इतकं हळू घडतं की पुष्कळांना पत्ताही लागत नाही. त्याच भोकातून आतड्यातली हवा उलट पित्तनलिकांत शिरते. हवा, आतड्यातला अडथळा आणि जागा सोडलेला खडा, ही त्रयी क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर यांनी १९४१ मध्ये मांडली. आईंच्या रिपोर्टमधली ती एक ओळ म्हणूनच मोलाची.

उलट्या थांबत होत्या त्याचंही कारण हेच. खडा अडकतो, सुटतो, पुढे सरकून पुन्हा अडकतो. प्रत्येक वेळी घरच्यांना (आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही) वाटतं, बरं वाटतंय. शेवटी लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या अरुंद जागेच्या आसपास तो बहुधा पक्का बसतो.

आता पित्ताशयाचं. तुमच्या सर्जनचा निर्णय मला पटतो. उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि क्षार गेलेले, वय ७६, पित्ताशयाभोवती सगळं एकमेकांत चिकटलेलं. अशा वेळी तिथे हात घालून तासन्‌तास भूल देण्यात धोका जास्त. आधी अडथळा काढायचा. मागे खडे उरले नसतील तर भोक पुष्कळदा आपोआप बुजतं.

उरले असतील तर मात्र हाच प्रकार पुन्हा होऊ शकतो. शंभरात साधारण पाच जणांना होतो, तोही बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. तेव्हा जपून ठेवलेला खडा नीट बघा. त्याला घासल्यासारख्या सपाट बाजू असतील तर तो एकटा नव्हता, जोडीदारांवर घासला गेलाय. असं दिसलं तर तपासणीला जाताना तो बरोबर न्या आणि ‘आत आणखी आहेत का?’ असं स्पष्ट विचारा. आईंची तब्येत सावरल्यावर पित्ताशय काढायचं की नाही, ते त्या उत्तरावर ठरेल.