सरकारवर टीका केली की लोक 'मग पाकिस्तानात जा' म्हणतात. अशांना काय उत्तर द्यायचं?

पहिली गोष्ट, देशभक्तीचे पुरावे द्यायला बसू नका. आजोबा सैन्यात होते, मी कर भरतो वगैरे सुरू केलंत की मूळ मुद्दा गेला बाराच्या भावात आणि तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात.

आमचं गाव निफाड तालुक्यात, शेती कांद्याची. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली, तेव्हा नेमका लाल कांदा बाजारात येत होता. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत काही महिने राहतो. लाल टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. भाव पडला म्हणून थांबायची सोय नाही. हे मी घरच्या ग्रुपवर जरा तिखट भाषेत लिहिलं. पुण्याच्या मामांचं उत्तर आलं, "तुला आपल्या देशाचं काही चांगलं बघवतच नाही. एवढंच असेल तर जा की तिकडे!" ('तिकडे' म्हणजे कुठे, हे विचारावं लागत नाही.) मी लिहिलं, "जातो मामा, पण बंदी बरोबर होती का तेवढं सांगा." मग ते म्हणाले, शहरातल्या माणसाने ऐंशी रुपये किलोने कांदा खायचा का? आता हा खरा मुद्दा झाला. पुढे तासभर भांडलो, पण कांद्यावर भांडलो. माझं त्यांना पटलं नाही ते नाहीच.

हा शिक्का आजच्या सत्ताधाऱ्यांनी शोधून काढलेला नाही, हेही लक्षात असू द्या. इंदिरा गांधींच्या काळात विरोधकांमागे 'परकीय हात' असायचा. उद्या तुमच्या आवडीचा पक्ष आला तर तुमचीही जीभ तिकडेच वळेल, सांभाळा.

कायद्याचं म्हणाल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांचा खटला वाचा. ते मूळचे काश्मीरचे, म्हणजे लोकांच्या लेखी आधीच 'बाहेरचे'. ३७० कलम हटवलं तो काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, असं त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवलं. पोलिसांनी गटागटांत तेढ पसरवल्याचं कलम, १५३-अ, लावलं, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. ३७० बद्दलच्या निर्णयावर टीका करायचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात गैर काही नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं.

पण स्टेटस ऑगस्ट २०२२ चं होतं. दीड वर्ष त्या माणसाच्या डोक्यावर गुन्हा होता. म्हणून मामांशी मी बिनधास्त वाद घालतो. सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे निम्मे लोक ओळखीचे नाहीत, तिथे शब्द दोनदा वाचून मगच पाठवतो.