बिग डेटाचं ट्रेनिंग बचत गटांच्या कामाला खरंच उपयोगी पडतं का?

तुम्ही पुण्यात बचत गटांचं काम करता आणि संस्था तुम्हाला बिग डेटाच्या, म्हणजे साध्या कॉम्प्युटरला न पेलणाऱ्या प्रचंड माहितीवर काम करण्याच्या, ट्रेनिंगला पाठवतेय. शाश्वत विकास, स्त्री-पुरुष समानता यात त्याचा काही उपयोग आहे की नुसतं फॅड, असा तुमचा प्रश्न आहे.

उपयोग आहे. मला तो कळला माती खाल्ल्यावर.

संध्याकाळचा क्लास करून मी नवीनच शहाणी झाले होते. संस्थेने सभासद बायकांची यादी माझ्याकडे दिली, तीन हजारांच्या वर नावं. क्लासमधला पहिला धडा म्हणजे डुप्लिकेट काढा. सुनिता, सुनीता, सौ. सुनिताताई, असा नावांचा सगळा घोळ, म्हणून मी मोबाइल नंबर धरला. एक कमांड मारली, नऊशे ओळी गेल्या. यादी चकचकीत झाली म्हणून मी खूश! सोमवारच्या मीटिंगमध्ये जनता वसाहतीच्या ताईंनी प्रिंटआउट बघितला आणि म्हणाल्या, "अगं, सासू ठेवलीस, दोन्ही सुना कुठे गेल्या?" तिघींच्या नावापुढे नंबर एकच होता, रिक्षा चालवणाऱ्या मुलाचा.

हे आमच्याच वस्तीत होतं असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात साधारण ५४ टक्केच निघाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास ध्येयांतलं पाचवं लिंगसमानतेचं, आणि त्यात मोबाइल कोणाच्या मालकीचा आहे हे बाई-पुरुष वेगळं मोजायचं, असा एक निर्देशांकच आहे. क्लासमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.

सरावाला केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा डेटा घ्या. सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबं, दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून कोण काय करतं याची नोंद. (खरं तर हा बिग डेटा नव्हेच, साध्या लॅपटॉपवर उघडतो.) घरकामाला बायका दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, हे आकडे सगळीकडे फिरतात. ऐकायला पुरुषही दीड तास हात लावतात असं वाटतं. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच. केलेल्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. सगळ्यांना धरून भागाकार केलात की बायकांची २४३ मिनिटं होतात आणि पुरुषांची २५. भागाकारात खाली कोण आहे हे बघायची सवय लागली, तर ट्रेनिंगची फी वसूल.

सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा बिग डेटाचा डिप्लोमा नोकरी सांभाळून जमणारा नाही, तो पूर्णवेळ आहे. तुमच्या कामाला एसक्यूएल (याद्यांमधून हवी ती माहिती काढायची भाषा) आणि थोडं पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) पुरे. हडूप (अनेक कॉम्प्युटरवर वाटून ठेवलेला अवाढव्य डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर) वगैरे शिकवायला लागले तर चहा प्यायला उठा.

आणि ट्रेनिंगची वाट न बघता फॉर्मवर मोबाइल नंबरशेजारी 'फोन कोणाचा?' असा रकाना आजच टाका. आमच्याकडे आता आहे. त्यात एका आजींनी लिहायला लावलंय, 'कोपऱ्यावरच्या वाण्याचा, दुपारी करू नये, तो झोपतो.'