आणीबाणीतील रक्त आणि कागदपत्रे

प्रश्न : प्रसूतीनंतर माझ्या वहिनीला अतिरक्तस्राव झाला. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवरचे नाव मागणीपत्रावरील नावाशी जुळत नाही म्हणून रक्तपेढीने नमुना परत पाठवला आणि दुसरा नमुना येईपर्यंत आम्ही ताटकळलो. जीव धोक्यात असताना अशी अडवणूक योग्य आहे का?

उत्तर : तुमचा संताप समजण्यासारखा आहे, तरीही नमुना परत पाठवण्यात रक्तपेढीची चूक झाली असे मी म्हणणार नाही. न जुळणाऱ्या गटाचे रक्त चढवले गेले, तर रुग्णाच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फोडू लागतात. त्यातून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, रुग्ण दगावूही शकतो. असा प्रकार बहुधा प्रयोगशाळेतील चाचणी चुकल्यामुळे नव्हे, तर नमुना एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, किंवा पिशवी एकाची आणि खाट दुसऱ्याची, अशा गफलतीमुळे घडतो. धावपळीत दोन रुग्णांचे रक्त काढून, बिननावाच्या नळ्या हातात घेऊन टेबलापाशी जाऊन लेबले लावली, की गफलतीला वाट मिळते. म्हणून लेबल रुग्णाच्या खाटेपाशीच, त्याच्या मनगटावरची पट्टी वाचून लावायचे असते. ओळख न पटलेल्या रुग्णालाही तात्पुरता क्रमांक देतात, आणि पुढे नाव कळले तरी उपचाराच्या मध्येच तो बदलत नाहीत.

मात्र नमुना परत गेला म्हणून रक्तही थांबावे, असे नाही. रक्तगट ठरवायला ५ ते १० मिनिटे, तर पूर्ण जुळवणीला, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी पडताळून पाहायला, साधारण ४५ मिनिटे ते १ तास लागतो. तेवढी उसंत नसेल, तर डॉक्टर जुळवणीविना रक्त मागवू शकतात. अशा वेळी ओ गटाच्या तांबड्या पेशी देतात. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला शक्यतो ओ निगेटिव्हच, कारण तिचा गट निगेटिव्ह असल्यास पॉझिटिव्ह रक्तामुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे पुढच्या गर्भाला बाधू शकतात. पहिली पिशवी लावण्यापूर्वी नमुना मात्र घ्यावा, कारण ओ गटाचे बरेच रक्त चढल्यावर रुग्णाचा मूळ गट ओळखणे अवघड होते. पिशवी गेल्यावरही रक्तपेढी जुळवणी पुरी करते आणि काही विपरीत आढळल्यास लगेच कळवते.

कागदांपैकी कोणता थांबू शकतो? जोखीम स्वीकारल्याची डॉक्टरांची सही अनेक ठिकाणी नंतर घेतली तरी चालते, आणि ते योग्यच आहे. टाके घालणाऱ्या हाताने आधी अर्ज भरावा ही अपेक्षा मला तरी अनाठायी वाटते. नळीवरचे नाव आणि पिशवी लावण्यापूर्वी दोघांनी खाटेपाशी केलेली पडताळणी यांना मात्र सवलत नाही. त्यासाठी फार तर एखाद-दोन मिनिटे जातात.

तुमच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे : दुसरा नमुना येईपर्यंत ओ गटाचे तातडीचे रक्त मागवले होते का, आणि नसल्यास का नाही? तो रुग्णालयाला लेखी विचारा.