काही लोकांच्या रक्तातच गुन्हेगारी असते का? मग पोलिसांनी आधी त्यांनाच उचललं तर चूक काय?

रक्तात वगैरे काही नसतं हो. तुम्ही लिहिलंय की गावाजवळ पारधी वस्ती आहे आणि चोरी झाली की पहिलं नाव तिथलंच येतं. मी तालुका कोर्टात वकिली करतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरच जास्त बोलतो.

ही रक्ताची थिअरी जुनी आहे. 1876 च्या सुमारास इटलीत लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर कैद्यांच्या कवट्या, जबडे मोजून सांगत होता की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो. ते पुढे टिकलं नाही. पण आपल्याकडे इंग्रजांनी त्याच्याही आधी, 1871 ला, कायदाच करून टाकला आणि पुढे अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या, म्हणजे पोरगं जन्माला आलं की संशयित! हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची, सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत. 1952 ला कायदा गेला, ठाण्यातली सवय मात्र राहिली.

मानसशास्त्राचं म्हणाल तर किरकोळ गुन्हे करणारी बरीचशी पोरं विशी-पंचविशीनंतर आपोआप थांबतात, हे देशोदेशी दिसलेलं आहे. काम मिळतं, लग्न होतं, जुनी संगत सुटते. पण ज्याच्यावर चॅप्टर केस (पुढे गुन्हा करू नये म्हणून होणारी प्रतिबंधक कारवाई), जो दर सणाला ठाण्यात बसवलेला, त्याला काम कोण देणार?

आता उचलण्याचं. रिमांड रिपोर्टात, म्हणजे कोठडी मागताना पोलीस कोर्टाला देतात त्या कागदात, एक वाक्य जवळपास छापलेलंच असतं, 'आरोपी सराईत असून जामिनावर सुटल्यास फरार होण्याची शक्यता आहे'. वाचता वाचता कोर्टाचंही मन तयार होत जातं, मी विरोध करतो, कधी ऐकलं जातं कधी नाही. आणि जामीन झाला तरी जामीनदार आणा, सातबारा आणा. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठा नाही तो सातबारा कुठून आणणार, म्हणून ऑर्डर हातात असूनही माणूस आतच.

आधी माणूस आणि मग पुरावा, असं चाललं की काय होतं त्याची महाराष्ट्रातलीच केस सांगतो. 2003 ची घटना, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून. भटक्या जमातीतले सहा जण पकडले आणि 2009 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मग 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सगळे निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार वेगळेच फोटो ओळखले होते आणि त्या चौघांचा धड तपासच झाला नव्हता!! सोळा वर्षं आत, भरपाई प्रत्येकी 5 लाख. आणि खरे खुनी? ते सापडले नाहीत ना. म्हणून 'आधी त्यांनाच उचललं तर चूक काय' असं म्हणताना हेही बघा, की ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या हाती काय लागलं.

आता कुणी म्हणेल पारधी चोऱ्या करतच नाहीत का? करतात काही जण, तसे आमच्या जातीतलेही करतात, त्यांच्यासाठी कुणी आमची अख्खी गल्ली उचलत नाही. ज्याने केलं त्याला पुराव्यानिशी शिक्षा व्हावी, त्याला माझी ना नाही.

तुमच्या वस्तीतला कुणी उचलला तर पहिल्यांदा अटकेची वेळ लिहून ठेवा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा 15100 ला फोन करा, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, मिळकतीचा दाखला मागत बसत नाहीत. आणि जामीनदार नसेल तर वकिलाला पीआर बाँडचा, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटण्याचा, अर्ज करायला सांगा, ते बरेचदा राहूनच जातं.