एचडीएफएसमधले सॉकेट टाइमआउट : प्रश्नोत्तरे

एचडीएफएस ही हडूपची फाइल साठवण्याची यंत्रणा : ती फाइलचे तुकडे (ब्लॉक) करून अनेक मशीनवर (नोडवर) ठेवते. सॉकेट टाइमआउट म्हणजे नेटवर्क जोडणीवर समोरच्याची वाट बघण्याची मर्यादा. नोड बदलतात, प्रश्न तेच येतात. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : डेटानोडच्या (ब्लॉक साठवणाऱ्या नोडच्या) लॉगमध्ये ४८०००० मिलिसेकंदांचा टाइमआउट दिसतो. डेटा गेला का?

नाही. डेटानोड ब्लॉक पाठवत होता आणि समोरच्याने ८ मिनिटं काही उचललंच नाही. फाइल उघडून रेंगाळणारा जॉब शोधा.

प्रश्न : टाइमआउट ० ठेवला तर?

० म्हणजे अमर्याद वाट. नको.

प्रश्न : नेटवर वाचून उत्तराची वाट बघण्याचा ६० सेकंदांचा टाइमआउट १० मिनिटं केला. एरर थांबल्या, पण जॉब संपता संपत नाहीत.

संपतील कसे? दुखणं जागच्या जागी आहे. ब्लॉक लिहिताना तीन प्रती साखळीने जातात आणि पोच उलट्या वाटेने येते. तिसऱ्या नोडची डिस्क अडखळली की मागचे सगळे ताटकळतात, आणि एरर उमटते धडधाकट नोडच्या लॉगमध्ये. साखळीत पुढे असलेल्या प्रत्येक नोडमागे मूळ ६० सेकंदांत ५ वाढतात. म्हणून लॉगमध्ये ६५००० मिलिसेकंद दिसलं तर पुढे एकच नोड होता. पहिला संशय त्याच्यावर घ्या.

मी पाहिलेल्या एका क्लस्टरमध्ये (नोडच्या समूहात) तीन वेगवेगळ्या नोडवर खापर फुटत होतं. ब्लॉक आयडी धरून लॉग जुळवले, तर तिन्ही साखळ्यांच्या शेवटी एकच नोड. त्याची एक डिस्क आयोस्टॅटमध्ये (डिस्कवरचा ताण दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सतत १०० टक्के व्यस्त. पण हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ असा निरोप) दर ३ सेकंदांनी नियमित, त्यामुळे कोणता ब्लॉक कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या नेमनोडच्या लेखी तो ठणठणीत! साडेदहा मिनिटं पूर्ण गप्प झाल्याशिवाय नेमनोड कुणाला मृत धरत नाही. मरणाऱ्या डिस्कला अशी सवलत मिळते, आणि तुम्ही टाइमआउट वाढवून ती आणखी वाढवलीत. आकडा आजच ६० वर आणा, डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएल कमांडने तपासा, आणि ती काढण्याआधी एचडीएफएसची तपासणी करणारी एफएससीके कमांड चालवून प्रती पुरेशा आहेत ना, हे क्लस्टर सांभाळणाऱ्यांकडून पक्कं करून घ्या.

प्रश्न : पिंग जातो, म्हणजे नेटवर्क ठीक ना?

साधा पिंग छोटा असतो. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) नोडवर ९००० बाइट आणि मधल्या स्विचवर १५०० असेल, तर छोटी पॅकेट जातात, मोठी अडकतात. पॅकेट न तोडण्याचा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग करा. स्विचला हात मात्र नेटवर्कवाल्यांनीच लावावा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, सगळे स्विच बदला.

स्विचच्या पोर्टवरचे ड्रॉप (गळालेली पॅकेट) आणि एररचे आकडे आधी मागा. ते न बघता कोटेशन देणाऱ्याला परत पाठवा आणि तुमच्या नेटवर्क अभियंत्याचं मत घ्या.